धर्मलिपी आणि तिचा हरवलेला वाचक

इतिहासातील विस्मरण म्हटले की मातीखाली गेलेली नगरे किंवा अरण्याने झाकलेली लेणी डोळ्यांसमोर येतात. मोहेंजोदडो शतकानुशतके ढिगाऱ्याखाली होते. अजिंठ्याची लेणी १८१९ पर्यंत वाघूर नदीच्या दरीत बाहेरच्या जगाला अज्ञात राहिली. परंतु विस्मरणाचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो अधिक अंतर्मुख करणारा आहे. वस्तू उघड्यावर उभी असते, येणारेजाणारे तिला रोज पाहतात, राजे तिला आपल्या राजधानीत आणून उभी करतात, तिच्याभोवती कथा रचल्या जातात. तिच्यावर कोरलेला मजकूर मात्र कोणालाच वाचता येत नाही. मौर्य सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे आणि स्तंभलेखांचे नेमके असेच झाले. त्यांतील कित्येक लेख कधीच नाहीसे झाले नव्हते. नाहीसा झाला होता तो त्यांचा वाचक.

अशोकाचा राज्यकाल स्थूलमानाने इ.स.पू. २६८ ते २३२ असा मानला जातो. आपल्या लेखांना त्याने ‘धंमलिपि’ म्हणजे धर्मलिपी असे नाव दिले आणि ते दगडावर का कोरवले याचे कारणही त्यांतच नमूद केले. ते दीर्घकाळ टिकावेत, पुढच्या पिढ्यांनी त्यांप्रमाणे वागावे, अशी त्याची इच्छा होती. पण केवळ दगडाच्या टिकाऊपणावर त्याने विसंबून राहायचे ठरवले नव्हते. ओडिशातील धौली आणि जौगड येथील दोन स्वतंत्र लेखांत, हा मजकूर तिष्य नक्षत्राच्या दिवशी ऐकवला जावा, मधल्या काळातही प्रसंगाने ऐकवला जावा, ऐकणारा एकटा असला तरी त्याला तो ऐकवावा, अशा आशयाची आज्ञा आहे. याचा अर्थ असा की, धर्मलिपीचे आयुष्य दोन आधारांवर उभे होते. एक आधार दगडाचा, दुसरा आवाजाचा. अक्षर न येणाऱ्या प्रजेपर्यंत राजाचे म्हणणे पोहोचवणारा अधिकारी हा या योजनेचा अविभाज्य भाग होता. दगड टिकला, वाचून दाखवण्याची व्यवस्था मौर्य साम्राज्याबरोबर संपली.

ही स्मृती एकाएकी पुसली गेली नाही. जुनागढजवळ गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या ज्या शिळेवर अशोकाचे चौदा लेख आहेत, त्याच शिळेवर इ.स. १५० च्या सुमारास क्षत्रप रुद्रदामन याने आपला संस्कृत लेख कोरवला. सुदर्शन तलावाचा बांध फुटल्याची आणि तो पुन्हा बांधल्याची हकीकत त्यात आहे. हा तलाव चंद्रगुप्त मौर्याच्या काळी बांधला गेला आणि अशोक मौर्याच्या काळी त्याला पाट काढले गेले, असे तो लेख नावानिशी सांगतो. म्हणजे जवळजवळ चार शतकांनंतरही सौराष्ट्रात अशोकाचे नाव जिवंत होते. पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियान हा चिनी यात्रेकरू पाटलिपुत्रास आला, तेव्हा तेथील स्तंभावर अशोकाने अखिल जंबुद्वीप भिक्षुसंघाला दान दिल्याचा मजकूर आहे, असे त्याने नोंदवले. अशा आशयाचा अशोकाचा एकही लेख उपलब्ध नाही. त्याला मजकूर सांगणाऱ्यांनी तो अक्षरांवरून सांगितला की दंतकथेवरून, याचा अंदाज यावरून करता येतो. 

दरम्यान ब्राह्मी लिपी बदलत चालली होती. लेखकांच्या दर पिढीने तिची वळणे किंचित पालटली. तिच्यातून गुप्तकालीन लिपी, पुढे सिद्धमातृका, शारदा, नागरी आणि दक्षिणेकडील लिपी निघाल्या. एकाही पिढीला आपण काही विसरत आहोत असे जाणवण्याचे कारण नव्हते, कारण प्रत्येकाला आपल्या वडिलांचे अक्षर लागत होते. हजार वर्षांनी मात्र अशी स्थिती आली की, ज्या पंडितांच्या हाती ब्राह्मीच्याच वंशातील नागरी लिपी होती, त्यांना मूळ ब्राह्मीचे एक अक्षरही ओळखता येईना.

या स्थितीचे सर्वांत चित्रमय दर्शन चौदाव्या शतकात घडते. दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक (राज्यकाल १३५१-१३८८) याच्या दृष्टीस दोन विलक्षण स्तंभ पडले. एक अंबाल्याच्या बाजूला तोपरा या गावी होता, दुसरा मेरठजवळ. ते पांडवांच्या काळापासून उभे आहेत, त्या भीमाच्या हातातील काठ्या आहेत, अशी लोकांची समजूत होती. सुलतानाने ते दिल्लीला हलवण्याचे ठरवले. तोपऱ्याच्या स्तंभाची हकीकत शम्स सिराज अफीफ या इतिहासकाराने तपशिलाने लिहून ठेवली आहे. तो उभा राहिला त्या वेळी अफीफ बारा वर्षांचा होता. सुमारे १३ मीटर लांबीचा तो अखंड दगड सावरीच्या कापसाच्या ढिगांवर अलगद आडवा करण्यात आला. लव्हाळे आणि कच्ची कातडी यांनी तो गुंडाळला गेला. बेचाळीस चाकांचा गाडा तयार झाला, दर चाकाला दोर बांधले गेले आणि हजारो माणसांनी तो यमुनेपर्यंत ओढत नेला. तेथून धान्य वाहणाऱ्या मोठ्या नौका एकत्र बांधून तो जलमार्गाने फिरोजाबादेस, म्हणजे आजच्या फिरोजशाह कोटल्यात आणला गेला. तेथे खास त्याच्यासाठी बांधलेल्या इमारतीच्या माथ्यावर तो चढवण्यात आला. आजही तो तेथेच आहे.

सुलतानाची जिज्ञासा एवढ्यावर थांबली नाही. स्तंभावरील अक्षरे काय सांगतात हे समजून घेण्यासाठी त्याने ब्राह्मणांना आणि इतर जाणकारांना बोलावले. कोणालाही ती वाचता आली नाहीत. अफीफच्या सांगण्यानुसार, काहींनी मात्र असा अर्थ सांगितला की हा स्तंभ कोणालाही हलवता येणार नाही, पुढे फिरोज नावाचा सुलतान होईल तोच तो हलवील. या प्रसंगाला हसून सोडून देणे सोपे आहे. परंतु त्यातील विसंगती फार खोल आहे. तोपऱ्याच्या या स्तंभावर सातवा स्तंभलेख आहे, आणि तो पूर्ण स्वरूपात अन्यत्र कोठेही नाही. जेथे शिलास्तंभ किंवा शिलाफलक असतील तेथे ही धर्मलिपी कोरावी, म्हणजे ती चंद्रसूर्य असेतो टिकेल, अशी इच्छा त्याच लेखात व्यक्त झाली आहे. टिकण्याची ही विनंती ज्या दगडावर होती, त्याच्यासमोर सुलतान आणि पंडित उभे राहिले आणि तिच्यातून त्यांनी सुलतानाचे भविष्य वाचले.

न वाचता येणारे अक्षर लवकरच मोकळी जागा ठरते. याच तोपरा स्तंभावर शाकंभरीचा चाहमान राजा चौथा विग्रहराज याने ११६४ मध्ये आपल्या दिग्विजयाचा लेख कोरवला होता. प्रयागच्या स्तंभाचे उदाहरण याहून बोलके आहे. त्याच्यावर अशोकाचे लेख आहेत, चौथ्या शतकातील समुद्रगुप्ताची हरिषेणाने रचलेली प्रशस्ती आहे, अकबराच्या दरबारातील बिरबलाच्या तीर्थयात्रेची नोंद आहे आणि १६०५ मधील जहांगीराची वंशावळ आहे. मीर अब्दुल्ला मुश्कीन कलम या नामांकित सुलेखनकाराची ही वंशावळ खोदताना अशोकाच्या काही ओळी कायमच्या नष्ट झाल्या. यात द्वेष असण्याचे कारण नाही. कारागिरांच्या दृष्टीने तेथे अर्थ नव्हताच. जुनी नक्षी होती आणि तिच्यावरून नवे अक्षर गेले.

युरोपीय प्रवासी आले तेव्हाही कल्पनेचा हाच खेळ नव्या नावांनी चालू राहिला. सतराव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेल्या थॉमस कोरियट या इंग्रज प्रवाशाला दिल्लीच्या स्तंभावरील अक्षरे ग्रीक वाटली. अर्थातच तो स्तंभ सिकंदराचा ठरला. १७८४ मध्ये कोलकात्यात एशियाटिक सोसायटी स्थापन झाली, आणि तरीही प्रारंभीची वाट सरळ नव्हती. चार्ल्स मॅलेट याने वेरूळ येथील लेण्यांतून घेतलेल्या लेखांच्या नकला विल्यम जोन्सच्या द्वारा काशीस फ्रान्सिस विल्फर्डकडे गेल्या. तेथील एका पंडिताने प्राचीन लिप्यांची किल्ली असलेली पोथी आपल्याजवळ आहे असे सांगून त्या लेखांत पांडवांच्या वनवासाचा वृत्तांत वाचून दाखवला. ती किल्ली बनावट होती. तोपर्यंत हे वाचन विद्वानांच्या नियतकालिकात छापलेही गेले होते. भीमाची काठी, फिरोजचे भविष्य, सिकंदराचा विजय आणि पांडवांचा वनवास या चारही वाचनांत एक समान दोष आहे. वाचकाला जे आधीपासून ठाऊक होते, तेच त्याने दगडाकडून वदवून घेतले.

ही साखळी तोडली ती कोलकात्याच्या टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपने. १७९९ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ व्यवसायाने धातुपरीक्षक होता. नाण्यांतील चांदीचा कस काढणे हे त्याचे रोजचे काम. १८३२ मध्ये तो एशियाटिक सोसायटीचा सचिव झाला. त्याने अर्थाचा तर्क करण्याची घाई केली नाही. प्रयागच्या स्तंभावरील अक्षरे त्याने प्रथम वेगळी काढली, मूळ चिन्ह कोणते आणि त्याला जोडलेल्या रेषा कोणत्या याचे कोष्टक मांडले. एकाच चिन्हाला ठरावीक प्रकारच्या रेषा लागतात, त्या अर्थी या रेषा म्हणजे स्वरांच्या मात्रा असाव्यात, ही लिपी संस्कृताच्या परिवारातील असावी, हे १८३४ मध्येच त्याच्या ध्यानात आले. प्रयाग, दिल्ली आणि बिहारमधील लौडिया येथील स्तंभांवर एकच मजकूर आहे, हेही नकला शेजारी ठेवल्यावर उघड झाले. असे असूनही मजकूर मुकाच राहिला. अक्षरांचे घर सापडले होते, दाराची कडी सापडली नव्हती.

ती कडी सांचीच्या स्तूपाने दिली. १८३७ मध्ये कॅप्टन एडवर्ड स्मिथ याने सांचीच्या कठड्यावरील लहानलहान लेखांचे ठसे प्रिन्सेपकडे पाठवले. हे लेख सम्राटाचे नव्हते. बहुतेक एकेका ओळीचे होते. त्यांची मांडणी करताना प्रिन्सेपच्या लक्षात आले की, जवळजवळ प्रत्येक ओळ त्याच दोन अक्षरांनी संपते. पवित्र स्थळी अशा सुट्या ओळी कशासाठी कोरल्या जातील? भाविकांच्या देणगीसाठी. मग शेवटचा शब्द ‘दानं’ असणार, आणि त्याच्या आधी वारंवार येणारे चिन्ह म्हणजे षष्ठी विभक्तीचा ‘स’. द आणि न हाती आले, अनुस्वार आला, आकार आला. ‘स’ची खात्री सौराष्ट्राच्या नाण्यांवरून पटली. थोड्याच दिवसांत जवळपास सगळी वर्णमाला उलगडली.

या घटनेचा जो पैलू इतिहासग्रंथांत सहसा दुर्लक्षित राहतो, तो असा. सांचीच्या कठड्यावर नावे कोरवणारे कोण होते? व्यापारी, गृहस्थ, भिक्षू, भिक्षुणी, कोणाची आई, कोणाची पत्नी. तेथील तोरणावर विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्या कारागिरांचीही नोंद आहे. आपले नाव आणि आपले दान एवढेच त्यांना सांगायचे होते. साऱ्या भरतखंडावर सत्ता गाजवणाऱ्या सम्राटाचा आवाज दोन हजार वर्षांनी पुन्हा ऐकू आला, तो या सामान्य दात्यांच्या एका शब्दामुळे. भव्य लेखाने भल्याभल्यांना चकवले होते, कारण त्याच्यासमोर प्रत्येकजण भव्य अर्थ शोधत राहिला. देणगीची ओळ तीच ती असल्यामुळे वाचता आली.

प्रिन्सेप या कामात एकटा नव्हता. पंडित कमलाकांत विद्यालंकार यांचे संस्कृतचे साहाय्य त्याला सतत होते. लेखांची भाषा प्राकृत असल्याने केवळ संस्कृत पुरेसे नव्हते. तेथे सिंहलमधून आलेल्या रत्नपाल या पाली जाणणाऱ्या गृहस्थाचा उपयोग झाला. धौलीच्या लेखाची प्रत मार्कहॅम किट्टोने, गिरनारच्या लेखाची मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांनी मिळवून दिली. तरीही अक्षरे लागल्यावर मोठा प्रश्न उरलाच. लेखांत बोलणारा राजा स्वतःस ‘देवानंपिय पियदसि’ म्हणवतो. हा कोण? सिंहलच्या इतिहासात देवानंपिय तिस्स हा राजा प्रसिद्ध असल्याने प्रिन्सेपने प्रथम तोच गृहीत धरला. ज्या दोषापासून त्याने स्वतःला इतके जपले, तो येथे त्यालाही शिवला. पण दुरुस्तीही त्वरित झाली. सिंहलमध्ये मुलकी सेवेत असलेला आणि ‘महावंसा’चा संपादक असलेला जॉर्ज टर्नर याने त्याच वर्षी कळवले की, ‘दीपवंस’ या पाली ग्रंथात पियदस्सन हे चंद्रगुप्ताचा नातू अशोक याचेच नाव म्हणून आले आहे. प्रिन्सेपने आपले मत बदलले आणि तसे प्रसिद्ध केले.

१८३८ मध्ये गिरनारच्या शिळेवर अंतियोक, तुरमाय, मग अशी नावे निघाली. सिरियाचा अँटायोकस, इजिप्तचा टॉलेमी आणि सायरीनचा मॅगस हे ते ग्रीक राजे होत. त्यांचे काळ पश्चिमेच्या इतिहासात निश्चित असल्याने भारताच्या प्राचीन कालगणनेला एक पक्का खुंटा मिळाला. परंतु तारखांपेक्षाही मोठी प्राप्ती तेराव्या शिलालेखात होती. कलिंगच्या युद्धात दीड लाख माणसे पकडून नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याहून कितीतरी अधिक मेली, असे विजेता राजा स्वतः सांगतो आणि त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त करतो. पुराणांच्या वंशावळींत अशोक एक नाव होता. बौद्ध कथांत तो क्रूर चंडाशोकाचा धार्मिक धर्माशोक झाला होता. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’त तो काश्मीरचा एक राजा होता. कलिंगचा हा पश्चात्ताप त्यांपैकी कोणत्याही परंपरेने जपला नव्हता. तो फक्त दगडावर होता, आणि दगड वाचेपर्यंत तो जगात नव्हता असेच म्हटले पाहिजे. अतिश्रमाने खचलेला प्रिन्सेप त्याच वर्षी स्वदेशी परतला आणि १८४० मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी लंडनमध्ये मरण पावला.

यापुढचा शोध अनेक हातांनी पुढे नेला. जुनागढमध्येच वाढलेले भगवानलाल इंद्रजी (१८३९-१८८८) प्रिन्सेपच्या वर्णमालेच्या आधारे गिरनारचा लेख वाचू लागले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना मुंबईला आणले आणि त्या दोघांच्या सहकार्याने पश्चिम भारतातील कोरीव लेखांच्या अभ्यासाला नवे वळण मिळाले. १८८२ मध्ये भगवानलालांना मुंबईच्या उत्तरेस सोपारा येथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. राजांच्या विहारयात्रांऐवजी आपण धर्मयात्रा सुरू केल्या, हा त्या लेखाचा विषय. १९५६ मध्ये त्याच परिसरात नवव्या लेखाचाही अंश मिळाला. शूर्पारक बंदरातील व्यापाऱ्यांपुढे कधीकाळी ही धर्मलिपी वाचली जात असावी, असे मानण्यास हे अवशेष पुरेसा आधार देतात.

टर्नरच्या तर्काला प्रत्यक्ष पुरावा मिळण्यास १९१५ साल उजाडावे लागले. तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातील रायचूर जिल्ह्यात मस्की येथे सोन्याच्या शोधात फिरणारे अभियंते बीडन यांना एका खडकावर लेख आढळला. त्यात ‘देवानंपिय’ या पदवीबरोबर अशोक हे नाव स्पष्ट होते. पुढे मध्य प्रदेशातील गुजर्रा आणि कर्नाटकातील निट्टूर व उडेगोळम येथील लेखांतही ते मिळाले. कर्नाटकातीलच सन्नती या गावची हकीकत तर या सर्व इतिहासाचे सार सांगणारी आहे. १९८६ मध्ये तेथील चंद्रलांबा मंदिराच्या आवारातील काली मंदिराचे छत कोसळले. मूर्ती बाजूला केल्यावर तिच्या बैठकीचा दगड हा अशोकाचा शिलालेख असल्याचे आढळले. मूर्ती बसवण्यासाठी त्याच्या मधोमध खाच पाडलेली होती. तो दगड कोणी फेकून दिला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर फुले वाहिली जात होती. पूजा अखंड चालू होती, वाचन थांबले होते.

जपणे आणि समजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या साऱ्या वृत्तांतातून ध्यानात येते. सारनाथचा सिंहशीर्ष १९०५ च्या सुमारास उत्खननात मिळाला आणि २६ जानेवारी १९५० रोजी तो प्रजासत्ताकाचे चिन्ह झाला. त्याआधी काही दशकांपूर्वी धर्मलिपी वाचली गेली नसती, तर ते शिल्प सुंदर ठरले असते, परंतु त्याच्या मागचा विचार कोणाला कळला नसता.

लिपीचे विस्मरण ही केवळ प्राचीन काळाची आपत्ती नाही, हे मराठी अभ्यासकाला वेगळे सांगण्याची गरज नसावी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी हे व्यवहाराचे अक्षर होते. पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि तंजावरच्या सरस्वती महालात मोडीचे प्रचंड कागद आज सुरक्षित आहेत. ते नीट बांधलेले आहेत, त्यांना क्रमांक आहेत. ते वाचू शकणाऱ्यांची संख्या मात्र कागदांच्या मानाने फारच अल्प आहे. ब्राह्मी विसरायला कित्येक शतके लागली. मोडीला दोन-तीन पिढ्या पुरल्या. तिष्य नक्षत्राच्या दिवशी, ऐकणारा एकच असला तरी, मजकूर वाचून दाखवा असे सांगणाऱ्या सम्राटाला दगडाच्या सामर्थ्याची मर्यादा ठाऊक होती. ग्रंथालये आणि दप्तरखाने दगडाचे काम चोखपणे करीत असतात. दुसरे काम वाचणाऱ्याचे आहे, आणि ते दर पिढीला नव्याने शिकावे लागते.